१८० प्रश्न, १८० मिनिटे



पाणी मोजून वापरावे, हे मराठवाड्यातील माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी भरून आलेली रेल्वेगाडी लातूर शहराने पाहिली आहे. आता असे समजा, की एका शेतकऱ्याच्या विहिरीत थोडेच पाणी उरले आहे आणि शेतात चार पट्ट्यांत हरभरा उभा आहे. पहिल्याच पट्टीत त्याने चार वेळा पाणी सोडले, तर ती पट्टी हिरवीगार दिसेल, पण बाकीच्या तीन वाळून जातील. त्याऐवजी घाटे भरण्याच्या वेळी चारही पट्ट्यांना एकेक पाणी दिले, तर एकूण रास मोठी होईल. जाणता शेतकरी दुसराच मार्ग धरतो. पाणी तेवढेच, विहीर तीच. फरक पडतो तो वाटणीने.

वैद्यकीय प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या 'नीट' परीक्षेत वेळ हे असेच मोजके पाणी आहे. लातूर आणि नांदेड या दोन शहरांत दरवर्षी हजारो मुले-मुली या परीक्षेची तयारी करण्यासाठी खोली घेऊन किंवा वसतिगृहात राहतात. कोणी अहमदपूरचा, कोणी उदगीरची, कोणी भोकरचा, कोणी देगलूरची. घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन पैसे पाठवलेले असतात. दोन वर्षांचा अभ्यास शेवटी तीन तासांच्या मापात ओतावयाचा असतो. अशा वेळी 'येत होते, पण वेळ पुरला नाही' हे उद्गार ऐकले की वाईट वाटते. वेळ का पुरत नाही आणि तो पुरवावा कसा, याचा विचार आपण गणिताच्या आणि विज्ञानाच्या आधारे करू.

लातूरने काय दाखवून दिले?

लातूर येथे १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू झाले. त्याआधीपासून तेथे दयानंद महाविद्यालय होतेच. पुढे बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांत लातूरच्या मुलांची नावे वारंवार झळकू लागली आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर रूढ झाला. या पद्धतीचे रहस्य काय, असे लोक विचारीत. त्यातील एक महत्त्वाचा भाग अगदी साधा होता : धडा शिकवून झाला की चाचणी, चाचणी झाली की चुकांची चर्चा, आणि पुन्हा चाचणी.

या साध्या गोष्टीला प्रयोगशाळेतूनही पाठिंबा मिळाला आहे. २००६ मध्ये अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला. दुसरा उतारा एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवत होता. पण आठवड्यानंतर चित्र उलटले. आठवून लिहिलेल्या मजकुराचा सुमारे ५६ टक्के भाग सांगता आला, तर पुन्हा वाचलेल्या मजकुराचा सुमारे ४२ टक्के. म्हणजे चाचणी हे केवळ मोजण्याचे माप नाही. ती स्वतःच एक अभ्यास आहे. शिवाय घड्याळ लावून दिलेल्या चाचणीत आणखी एक गोष्ट घडते. कोणता प्रश्न आपला किती वेळ खातो, हे ज्याचे त्याला कळू लागते. वेळेचे सर्व नियोजन या एका माहितीवर उभे असते.

आधी हिशेब

२०२५ च्या नीट परीक्षेत भौतिकीचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० असे एकूण १८० प्रश्न होते आणि वेळ होती दुपारी २ ते ५, म्हणजे १८० मिनिटे. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा, सोडलेल्या प्रश्नाला शून्य. एकूण गुण ७२०. त्याआधी २०२२ ते २०२४ या तीन वर्षी वेळ २०० मिनिटे होती आणि काही प्रश्न सोडण्याची मुभाही होती. म्हणून जुन्या प्रश्नपत्रिका सरावाला घेताना त्या वर्षीची वेळ पाहून घ्यावी. नाहीतर सराव एका मापाचा आणि परीक्षा दुसऱ्या मापाची, असे होईल.

सरासरीने पाहता एका प्रश्नाला एक मिनिट येते. पण सरासरी ही फसवी असते. हाताने वर्तुळ काळे करण्यास समजा ५ सेकंद लागतात. १८० वर्तुळांना ९०० सेकंद, म्हणजे तब्बल १५ मिनिटे झाली! ज्याने सर्व वर्तुळे शेवटी भरायची ठरवली आणि हाती १० मिनिटेच उरली, त्याची १२० वर्तुळे भरून होतील आणि ६० प्रश्नांची उत्तरे माहीत असूनही कोरी राहतील. उलट प्रत्येक प्रश्नागणिक उत्तरपत्रिका ओढून घ्यावी, तर लक्ष सारखे इकडून तिकडे जाते. यावर मधला मार्ग असा, की प्रश्नपत्रिकेचे एक पान झाले की त्या पानाची वर्तुळे भरावी. तेवढीच मनाला विश्रांती मिळते, आणि प्रश्नाचा क्रमांक एकाचा व वर्तुळ दुसऱ्याचे, हा घोटाळाही टळतो.

सर्व प्रश्न सारख्या किमतीचे, पण सारख्या खर्चाचे नाहीत

पेशीतील एखाद्या अंगकाचे कार्य विचारणारा प्रश्न २० सेकंदांत सुटतो. भौतिकीतील एखादे लांबलचक उदाहरण ४ मिनिटे घेते. दोहोंना गुण मात्र चारच. पहिल्या प्रकारात एका मिनिटाला १२ गुणांचे पीक येते, दुसऱ्यात एका गुणाचे.

दोन विद्यार्थ्यांची कल्पना करा. एक भोकरचा मुलगा, दुसरी उदगीरची मुलगी. दोघांचा अभ्यास अगदी सारखा. पाच अवघड प्रश्न आले. मुलाने जिद्दीने प्रत्येकावर ६ मिनिटे घालवली. त्यांतील तीन बरोबर आले, दोन चुकले. ३० मिनिटांत त्याला १२ वजा २, म्हणजे १० गुण मिळाले. पण जीवशास्त्राचे शेवटचे २० प्रश्न वाचायचेच राहिले. मुलीने त्या पाच प्रश्नांना एकेक मिनिट देऊन पाहिले, वाट दिसेना म्हणून खूण करून सोडून दिले आणि उरलेली २५ मिनिटे त्या २० प्रश्नांना दिली. त्यांतील १४ बरोबर आले, ३ चुकले, ३ सोडले. ५६ वजा ३, म्हणजे ५३ गुण. ज्ञान सारखे, वेळही सारखी, आणि फरक ४३ गुणांचा! आपल्या शेतकऱ्याच्या चार पट्ट्या येथे आठवाव्यात.

मग मुलगा त्या प्रश्नांना चिकटून का राहिला? 'एवढा वेळ घातला आहे, आता सोडायचे कसे?' असे त्याला वाटले. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्चाचा मोह म्हणतात. बोअर मारताना दोनशे फुटांवर पाणी लागले नाही, की पैसे घातलेच आहेत म्हणून आणखी शंभर फूट जावेसे वाटते, तसाच हा प्रकार. गेलेली तीन मिनिटे प्रश्न सोडला तरी परत येत नाहीत आणि धरून ठेवला तरी येत नाहीत. म्हणून विचार पुढचाच करावा : येथून पुढचे एक मिनिट कोठे घातले असता जास्त गुण मिळतील?

तीन फेऱ्या

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वेळी शांतपणे देत बसायला परीक्षेत सवड नसते. म्हणून नियम आधीच ठरवून ठेवावा. अनेक विद्यार्थी तीन फेऱ्यांची पद्धत वापरतात.

पहिल्या फेरीत प्रत्येक प्रश्न वाचायचा. वाट लगेच दिसली तर सोडवायचा. वाट दिसते पण लांबची आहे, तर प्रश्नाशेजारी एक रेघ मारून पुढे जायचे. वाटच दिसत नसेल, तर फुली. दुसऱ्या फेरीत रेघांचे प्रश्न घ्यायचे. तिसरीत फुल्यांकडे पाहायचे आणि पर्याय गाळून काही हाती लागते का, ते पाहायचे.

वेळेची वाटणी नमुन्यादाखल अशी करता येईल :

पहिली फेरी, जीवशास्त्र – ४५ मिनिटे (२.४५ पर्यंत)
पहिली फेरी, रसायनशास्त्र – ३५ मिनिटे (३.२० पर्यंत)
पहिली फेरी, भौतिकी – ३५ मिनिटे (३.५५ पर्यंत)
दुसरी फेरी – ४५ मिनिटे (४.४० पर्यंत)
तिसरी फेरी – १५ मिनिटे (४.५५ पर्यंत)
वर्तुळे व क्रमांक पडताळणे – ५ मिनिटे

हे आकडे म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. ज्याचे भौतिकी पक्के आहे, त्याची वाटणी वेगळी होईल. परंतु थांबे ठरलेले असावेत. एस.टी.चा चालक मधल्या थांब्यांवरही घड्याळ पाहतो. केवळ नांदेडला पोहोचल्यावर पाहिले, तर उशीर कळूनही उपयोग नसतो.

थांबे ठरवण्याचे आणखी एक कारण आपल्या मेंदूत आहे. मन एखाद्या कामात गुंतले, की मेंदूचे काळाकडे लक्ष राहत नाही आणि गेलेला वेळ प्रत्यक्षाहून कमी वाटतो. कंटाळवाण्या वेळी याच्या उलट होते. अवघड उदाहरणात गढलेल्या मुलाला 'दोनच मिनिटे झाली असतील' असे प्रामाणिकपणे वाटते, तेव्हा चार होऊन गेलेली असतात. नीट परीक्षेत मनगटी घड्याळ नेता येत नाही. खोलीत वेळ कळण्याची सोय केलेली असते. दर प्रश्नाला मान वर करणे नको, पण ठरलेल्या थांब्यावर मात्र पाहावेच.

२०२५ च्या परीक्षेत भौतिकीचे प्रश्न अनेकांना फार लांबलचक आणि कठीण गेले. कठीण भाग सर्वांनाच कठीण असतो आणि प्रवेश क्रमांकावर ठरतो, हे अशा वेळी ध्यानात ठेवावे. ज्याने अवघड भाग वेळेवर बाजूला ठेवला आणि बाकीचे गुण पदरात पाडून घेतले, त्याचे नुकसान इतरांपेक्षा कमी होते.

अंदाजाने उत्तर द्यावे काय?

प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात. डोळे मिटून एकावर बोट ठेवले, तर बरोबर येण्याची संभाव्यता एक चतुर्थांश. अशा चार प्रश्नांत सरासरीने एक बरोबर, तीन चूक. ४ वजा ३ म्हणजे १ गुण. दर प्रश्नामागे पाव गुण. एक पर्याय खात्रीने गाळता आला, तर दर प्रश्नामागे सुमारे दोन तृतीयांश गुण आणि दोन गाळता आले, तर दीड गुण. म्हणजे पर्याय गाळण्याचे मोल किती मोठे आहे, पाहा.

पण पाव गुणाला भुलू नका. सरासरी ही पुष्कळ वेळा खेळून मिळते. परीक्षा मात्र एकदाच असते. शंभर विद्यार्थ्यांनी प्रत्येकी २० प्रश्नांना केवळ नशिबावर उत्तरे दिली, तर सुमारे ५९ जणांना काही फायदा होईल, १९ जण जागच्या जागी राहतील आणि २२ जणांचे हातचे गुण जातील. शिवाय चुकीचे पर्याय रचणारी मंडळी हुशार असतात. अर्धवट माहिती असलेला विद्यार्थी ज्याकडे ओढला जाईल, असाच पर्याय ते मुद्दाम ठेवतात. म्हणून 'असेच वाटते' या भरवशावर उत्तर देताना संभाव्यता एक चतुर्थांशाहूनही कमी होऊ शकते. निदान एक पर्याय सकारण गाळता आला, तरच उत्तर द्यावे, हा नियम बऱ्याच जणांना मानवतो.

पर्याय गाळण्याची एक रीत पाहू. लिफ्टमध्ये दोलक टांगला आहे आणि लिफ्ट वाढत्या वेगाने वर जात आहे, आवर्तकाल किती? चारही पर्यायांत फरक फक्त वर्गमुळाखालील भागात आहे : (१) लांबी भागिले गुरुत्वत्वरण, (२) लांबी भागिले गुरुत्वत्वरण वजा लिफ्टचे त्वरण, (३) लांबी भागिले गुरुत्वत्वरण अधिक लिफ्टचे त्वरण, (४) लांबी भागिले दोन्ही त्वरणांचा गुणाकार. चौथ्यात एकके जुळत नाहीत. वर्गमूळ काढल्यावर सेकंद मिळतच नाहीत, म्हणून तो बाद. पहिल्यात लिफ्टच्या त्वरणाचा पत्ताच नाही, म्हणून तोही बाद. लिफ्ट वर झेपावताना आपल्याला जड वाटते, म्हणजे जणू गुरुत्वत्वरण वाढते आणि दोलक लवकर हलतो. तेव्हा छेद मोठा हवा. उत्तर तिसरा पर्याय. सूत्र पाठ नसले तरी हे काम अर्ध्या मिनिटात होते. जोड्या जुळवण्याच्या प्रश्नातही सर्व जोड्या लावत बसू नये. इन्शुलिन स्वादुपिंडात तयार होते, ही एकच जोडी पक्की माहीत असली, तरी ती नसलेले पर्याय तत्काळ गळतात.

नियम बदलला की डावपेच बदलतात

महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी ही परीक्षा संगणकावर होते. तीत भौतिकी व रसायनशास्त्राच्या १०० प्रश्नांना ९० मिनिटे असतात. त्यानंतर जीवशास्त्राच्या १०० किंवा गणिताच्या ५० प्रश्नांना वेगळी ९० मिनिटे. एका भागात वाचलेला वेळ दुसऱ्या भागाला देता येत नाही, पण चुकीच्या उत्तराला गुणही कापत नाहीत. तेव्हा तेथे एकही प्रश्न कोरा ठेवणे शहाणपणाचे नाही.

नीट परीक्षा २०२५ मध्ये कागदावर, बॉलपेनाने काळ्या करायच्या वर्तुळांची होती. एकदा भरलेले वर्तुळ बदलता येत नाही. उत्तर बदलण्याविषयी झालेल्या अनेक अभ्यासांत असे दिसले आहे, की पुनर्विचाराने बदललेली उत्तरे चुकण्यापेक्षा सुधारतात अधिक. 'पहिला विचार तोच खरा' ही समजूत सरसकट बरोबर नाही. पण शाईपुढे इलाज नसल्याने पुनर्विचार वर्तुळ भरण्यापूर्वीच झाला पाहिजे. शंका असेल तेथे प्रश्नपत्रिकेवर खूण करावी आणि वर्तुळ दुसऱ्या फेरीपर्यंत मोकळे ठेवावे.

मराठीतून परीक्षा देणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. त्यांच्या प्रश्नपत्रिकेत मराठीबरोबर इंग्रजी मजकूरही असतो. प्रत्येक प्रश्न दोन्ही भाषांत वाचला, तर वाचनाचा वेळ दुप्पट होतो. म्हणून मुख्य भाषा एकच ठरवावी आणि एखादी संज्ञा अडली, तरच दुसरीकडे पाहावे. मात्र दोन्ही भाषांतील संज्ञांची ओळख आधी करून घ्यावी.

मन शांत का हवे?

१९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन या शास्त्रज्ञांनी उंदरांवर एक प्रयोग केला. दोन पेट्यांतील योग्य पेटी निवडायला उंदरांना शिकवायचे होते. चूक झाली की विजेचा हलका धक्का. पेट्यांतील फरक ओळखणे कठीण केले, तेव्हा फार सौम्य धक्क्यानेही उंदीर सावकाश शिकले आणि फार तीव्र धक्क्यानेही. मध्यम धक्क्याने ते लवकर शिकले. माणसाचे मन उंदराहून कितीतरी गुंतागुंतीचे आहे. तरी थोडी काळजी माणसाला जागे ठेवते आणि अति भीती विचार बंद पाडते, हा अनुभव सर्वांचाच आहे. भीती कमी करण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे परीक्षेची सवय. नीट दुपारी होते. जेवणानंतर शरीराची तरतरी जरा उतरते, आणि लातूर-नांदेडचा मे महिन्याचा उन्हाळा तुम्हांला ठाऊकच आहे. म्हणून सराव परीक्षा पहाटेच्या गारव्यात न देता दुपारी २ ते ५ याच वेळेत द्याव्यात. रात्रीची झोप तोडून अभ्यास करू नये. दिवसा शिकलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेतच करतो.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वेळेचे नियोजन ज्ञानाची जागा घेत नाही. विहीर कोरडी असेल, तर वाटणी करून काय उपयोग? पण वर्षभर कष्ट करून जे पाणी साठवले, ते शेवटच्या पट्टीपर्यंत पोहोचवणे आपल्या हातात आहे. आणि तीन तासांचे माप हे फक्त त्या तीन तासांचे असते. ते तुमच्या बुद्धीचे किंवा आयुष्याचे माप नव्हे.

करून पाहा

१. मित्राच्या हाती सेकंद दाखवणारे घड्याळ द्या. डोळे मिटून स्वस्थ बसा आणि दोन मिनिटे झाली असे वाटले की 'झाले' म्हणा. मित्राने खरी वेळ लिहून ठेवावी. आता भौतिकीचे एक अवघड उदाहरण सोडवता सोडवता हेच करा. दोन नोंदींत किती फरक पडला? हाच प्रयोग पाच मित्रांवर करून कोष्टक तयार करा.

२. जुन्या प्रश्नपत्रिकेतील प्रत्येक विषयाचे २० प्रश्न घ्या. प्रत्येक प्रश्नाला लागलेले सेकंद आणि उत्तर बरोबर की चूक, हे लिहा. वीस प्रश्नांत मिळालेल्या गुणांना लागलेल्या मिनिटांनी भागा. तीन विषयांचे 'दर मिनिटाचे गुण' मिळतील. वर दिलेली वेळेची वाटणी या तीन आकड्यांवरून स्वतःसाठी नव्याने मांडा. महिन्याने हे मोजमाप पुन्हा करा आणि आकडे किती बदलले ते पाहा.